आपोआप

‘आपोआप’ हा मराठी भाषेतला सर्वांत लबाड शब्द आहे, असं माझं फार दिवसांचं मत आहे. घरातला कप कधी कुणी फोडत नाही. तो आपोआप फुटतो. डब्यातले लाडू आपोआप संपतात, मोरीतला दिवा आपोआप जळत राहतो आणि नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर पेन्सिलीच्या रेघोट्या आपोआप उमटतात. कर्ता सापडू नये अशी ज्याची मनापासून इच्छा असते, तो वाक्यात ‘आपोआप’ घालतो. शाळेच्या व्याकरणात आम्हाला कर्तरी, कर्मणी आणि भावे असे तीनच प्रयोग शिकवले. चौथा ‘आपोआप प्रयोग’ घरोघर चालतो, पण व्याकरणकारांनी त्याची दखल घेतलेली नाही. बहुधा त्यांच्याही घरातले कप फुटत असावेत.

माझा पोटापाण्याचा धंदा म्हणजे या ‘आपोआप’ची घाऊक पेठच. मी संगणकाचे प्रोग्राम लिहितो. लोकांचा पगार आपोआप जमा व्हावा, विजेचं बिल आपोआप भरलं जावं, म्हणून आमच्यासारखी माणसं रात्री दोन वाजेपर्यंत डोळे चोळत बसलेली असतात. मात्र ज्या ‘आपोआप’बद्दल मी आज सांगणार आहे, ते लोकांसाठी नाही. ते आमच्या आम्हीच आमच्यासाठी करून घेतलेलं आहे. न्हाव्याने स्वतःची दाढी करून घ्यावी तसं.

प्रोग्राम लिहिणं म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. आमटीत चिमूटभर मीठ घातलं की ती चमच्याने चाखता येते. प्रोग्रामचं तसं नाही. इथे चिमूटभर मीठ घातलं की आधी पाट मांडायचे, पानं घ्यायची, रांगोळी काढायची, उदबत्ती लावायची, सगळ्यांना हाका मारून बसवायचं, आणि मग कुणीतरी सांगणार, ‘मीठ अजून थोडं लागेल.’ की सगळी पानं उचला आणि पुन्हा पाट मांडा! म्हणजे एका फाइलीत एक शब्द बदलला, की ती फाइल जपून ठेवायची, तिचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करायचं, चाचण्या चालवायच्या, जुना प्रोग्राम बंद करून नवा चालू करायचा आणि मग ब्राउझरमधलं पान ताजं करून बघायचं. दिवसातून शंभर वेळा. काम असतं एका शब्दाचं. बाकीची नुसती उठबस.

ही उठबस करायला आम्ही एक छोटा प्रोग्राम नेमतो. तो फाइलींवर नुसती नजर ठेवून बसतो. मी ‘सेव्ह’ केलं रे केलं, की तो पाट मांडण्यापासून पानं वाढण्यापर्यंत सगळं उरकतो आणि मीठ बरोबर आहे की नाही तेवढं हिरव्या किंवा तांबड्या अक्षरांत कळवतो. हिरवं म्हणजे ठीक, तांबडं म्हणजे बोंब.

२०२० साली करोना आला आणि माझं ऑफिस ठाण्यातल्या आमच्या घरातच येऊन बसलं. त्या दिवसांत आई शेजारी भाजी निवडत बसायची. तिचं वय आज ८१ आहे. एक दिवस तिने हातातली गवार खाली ठेवली आणि विचारलं,

“अरे, तू हात लावला नाहीस, तरी ते काळ्या खिडकीतलं वर वर सरकतंय.”

“ते आपोआप होतं, आई.”

“आपोआप म्हणजे कोण करतं?”

पंचवीस वर्षांत माझ्या धंद्याबद्दल इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग असं सांग ना, की वॉचमन ठेवलायस!” आता गंमत बघा. फेसबुक कंपनीने २०१३ साली नेमक्या याच कामाचा आपला एक प्रोग्राम सगळ्या जगाला फुकट वापरायला दिला, आणि त्याचं नाव ‘वॉचमन’! आईला त्यात विशेष काही वाटलं नाही. वॉचमनला वॉचमनच म्हणणार, दुसरं काय म्हणणार?

या धंद्याचा आद्यपुरुष मात्र फेसबुकच्या पुष्कळ आधीचा. त्याचं नाव स्टुअर्ट फेल्डमन. साल १९७६, ठिकाण अमेरिकेतली बेल लॅब्ज. त्याचा सहकारी स्टीव्ह जॉन्सन एके दिवशी नशिबाच्या नावाने बोटं मोडत त्याच्या खोलीत शिरला. जॉन्सन म्हणजे साधासुधा माणूस नव्हे, मोठा नावाजलेला प्रोग्रामर. त्याची सबंध सकाळ प्रोग्रामातली एक चूक शोधण्यात गेली होती, आणि शेवटी शोध लागला तो असा, की ती चूक आधीच दुरुस्त झालेली आहे! दुरुस्त फाइलीचं यंत्रभाषेत भाषांतर करायचं तेवढं राहिलं होतं, त्यामुळे चालत होता तो जुनाच प्रोग्राम. म्हणजे औषध आणून कपाटात ठेवायचं आणि ताप का उतरत नाही म्हणून दिवसभर डॉक्टरांना नावं ठेवायची, त्यातला प्रकार.

फेल्डमनने त्या शनिवार-रविवारात एक प्रोग्राम लिहिला. त्याचं नाव ‘मेक’. त्याची अक्कल अगदी सोपी आहे. प्रत्येक फाइल शेवटी कधी बदलली याची वेळ संगणकापाशी असतेच. कणीक जर पोळीपेक्षा ताजी असेल, तर पोळी पुन्हा लाटायची. नसेल तर आहे ती पोळी वाढायची. बस्स. एवढ्याशा न्यायावर आज पन्नास वर्षं जगातले मोठमोठे प्रोग्राम तयार होत आले आहेत, आणि त्याबद्दल फेल्डमनला २००३ साली संगणकशास्त्रज्ञांच्या ‘एसीएम’ या संस्थेचा मानाचा पुरस्कारही मिळाला.

या ‘मेक’मध्ये एक मोठी मौज आहे. त्याला आज्ञा लिहून देताना ओळीच्या सुरुवातीला ‘टॅब’ लागतो. त्याऐवजी साध्या मोकळ्या जागा सोडल्या तर चालत नाही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. दिसायला कोरं, पण एक पावतं आणि दुसरं नाही. हा काच फेल्डमनच्याही लक्षात आला होता. पण तोवर त्याचा प्रोग्राम डझनभर लोक वापरू लागले होते. त्यातले बहुतेक दोस्त. त्यांना कशाला उगीच त्रास, म्हणून त्याने ते तसंच ठेवलं. त्या बाराजणांची सोय पाहिली गेली आणि पुढच्या पन्नास वर्षांतले सगळे त्या न दिसणाऱ्या टॅबपायी डोकं धरून बसले. मला यात परदेशी काहीच वाटत नाही. आमच्या सोसायटीत पाणी अजून पहाटे साडेपाचला सुटतं, कारण ती वेळ ठरवणारे पाचजण तेव्हा कारखान्यात पहिल्या पाळीला जात असत. पाचांपैकी आज कुणीही कामावर जात नाही. पाणी मात्र साडेपाचला.

आईला यातलं सगळ्यांत पटलेलं प्रकरण म्हणजे ‘टच’. ही युनिक्सची एक आज्ञा, १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासूनची. ती फाइलीत एक अक्षरसुद्धा बदलत नाही. नुसता हात लावते. पण हात लागला की फाइलीवरची वेळ बदलते, आणि वेळ बदलली की ‘मेक’ ती फाइल बदलली असं समजून पुढचं सगळं काम पहिल्यापासून करतो.

“म्हणजे सोवळंच की!” आई म्हणाली. “आमच्या सासूबाईंचं असंच होतं. शिवलं म्हणजे शिवलं. काही बिघडलंय का, ते बघायचंच नाही. पुन्हा पहिल्यापासून आंघोळ.”

तर असा हा ‘मेक’. पण त्याची एक खोड होती. तो कामसू असला तरी बोलावल्याशिवाय येत नसे. दर वेळी उठून त्याला हाक मारावी लागे. म्हणून पुढच्या लोकांनी त्याच्या दारात पहारेकरी बसवले. पहिल्या पहारेकऱ्यांची पद्धत लहान मुलासारखी होती. पुण्याच्या गाडीत बसलेलं मूल ठाणं सुटल्यापासून विचारत असतं, “बाबा, कर्जत आलं?” “नाही.” “आता आलं?” “नाही.” “आता?” तसे ते दर सेकंदाला प्रत्येक फाइलीला विचारत, बदललीस का? आता? आता? फाइली दहा असतील तर ठीक. पण पन्नास हजार असल्या की संगणकाचा बिचाऱ्याचा सगळा वेळ ‘नाही’ म्हणण्यात जाई आणि त्याचा पंखा गिरणीसारखा घोंघावे.

मग शहाणपण सुचलं, की मुलाने विचारायचं कशाला? कर्जत आलं की वडेवालेच ओरडतात. म्हणजे बदल झाला की संगणकाच्या गाभ्यानेच आपण होऊन वर्दी द्यायची. लिनक्समध्ये ही सोय ‘आयनोटिफाय’ या नावाने ऑगस्ट २००५ मध्ये आली आणि ॲपलने आपल्या संगणकात तशीच एक सोय २००७ मध्ये दिली. तेव्हापासून पहारेकरी निवांत डुलक्या घेतात आणि वर्दी आली की ताडकन उठतात. त्यांच्या जोरावर नवे नवे कामाठी निघाले. त्यातल्या एकाचं नाव ‘ग्रंट’, म्हणजे डुकराची गुरगुर. त्याच्या चित्रात रानडुकराचं तोंडसुद्धा आहे. त्याच्यामागून आलेल्याचं नाव ‘गल्प’, म्हणजे घटाघटा पिणं. बारशाला आत्याबाई बोलावल्या नाहीत म्हणजे हे असं होतं.

आता कुणी म्हणेल, वर्दी द्यायला खुद्द संगणकाचा गाभा आहे म्हटल्यावर तक्रारीला जागा उरली नसेल. जागा! त्या जागेचीच तर गोष्ट आहे. आयनोटिफायचा स्वभाव सरकारी. त्याला एका फोल्डरवर लक्ष ठेवायला सांगितलं की तो तेवढ्यावरच ठेवतो. आतल्या फोल्डरसाठी वेगळा अर्ज, त्याच्या आतल्यासाठी आणखी वेगळा. आणि एका माणसाने असे अर्ज किती करावेत, याला मर्यादा. कित्येक वर्षं ती ठरावीक ८१९२ अशी होती. २०२१ पासून ती संगणकाच्या मेमरीप्रमाणे ठरते. मर्यादा संपली की तो सरळ ‘मर्यादा संपली’ असं सांगत नाही. तो म्हणतो, ‘डिस्कवर जागा शिल्लक नाही.’ इकडे डिस्क अर्धी रिकामी! रिकामी बस न थांबवता आतून ‘जागा नाही, जागा नाही’ असा हात हलवणारा कंडक्टर ज्यांनी पाहिलाय, त्यांना या भाषेचं नवल वाटणार नाही. बाकीचे लोक मात्र फोटो आणि गाणी पुसत बसतात.

दुसरी अडचण पत्त्याची. पुष्कळ एडिटर फाइल जपून ठेवताना जुनीवर लिहीत नाहीत. ते शेजारी नवी फाइल तयार करतात, तिला जुनीचं नाव देतात आणि जुनी काढून टाकतात. आणि आमचा पहारेकरी नाव बघून पहारा करत नाही. त्याने मूळ जागा धरलेली असते. म्हणजे सोसायटीचं रिडेव्हलपमेंट झालं, सगळे बिऱ्हाडकरू त्याच नावाच्या नव्या इमारतीत राहायला गेले, आणि वॉचमन आपला पाडलेल्या इमारतीच्या फाटकावर खुर्ची टाकून बसला आहे. कुणी येत नाही, कुणी जात नाही. त्याच्या मते सगळं शांत आहे.

विम नावाचा एक एडिटर आहे. ब्रॅम मूलेनार या डच गृहस्थाने तो १९९१ साली लोकांना दिला. फाइल जपण्याआधी या फोल्डरमध्ये लिहायची आपल्याला मुभा आहे ना, हे तो आधी बघून घेतो. त्यासाठी एक रिकामी फाइल बनवतो आणि लगेच पुसतो. तिचं नाव ४९१३. त्या नावाची फाइल आधीच असली तर त्यात १२३ मिळवतो. झालं! पहारेकऱ्याला वाटतं कुणीतरी आलं. धावतो तर कुणीच नाही. दार वाजवून पळून जाणाऱ्या पोरासारखा हा ४९१३ कित्येक नव्या प्रोग्रामरांना भुताटकीचा अनुभव देऊन गेला आहे.

पण सगळ्यांत भारी घोटाळा म्हणजे फिरत्या डब्याचा. शेजारणीने चकल्यांचा डबा पाठवला. आपल्याकडे डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत. म्हणून त्यात शंकरपाळे घालून पाठवले. आता तिलाही डबा रिकामा परत करता येईना, म्हणून चिवडा. मग इकडून करंज्या. फराळ संपतो, दिवाळी संपते. डबा काही थांबत नाही. पहारेकऱ्याचं अगदी असंच होतं. फाइल बदलली म्हणून त्याने काम केलं. त्या कामातून तयार झालेली फाइल त्याने त्याच फोल्डरमध्ये ठेवली. म्हणजे फोल्डर बदलला! म्हणून त्याने पुन्हा काम केलं. रात्रभर तो स्वतःच्याच चाहुलीने दचकून उठतो, काम करतो आणि पुन्हा दचकतो. यावर उपाय म्हणजे त्याला सांगून ठेवायचं, की बाबा, या अमुक खोलीत काहीही झालं तरी तिकडे बघायचं नाही. आईचं म्हणणं असं, की एकत्र कुटुंबातल्या सुनेला हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

आणखी एक गोष्ट त्याला शिकवावी लागते, ती म्हणजे दमानं घेणं. एकदम शंभर फाइली बदलल्या तर त्याने शंभर वेळा पाट मांडायचे नसतात. पहिली वर्दी आल्यावर थोडं थांबायचं. थोडं म्हणजे पाव सेकंद वगैरे. आणखी कुणी येतंय का बघायचं आणि मग एकदाच उठायचं. दारावरची बेल शेजारचा मुलगा पाच वेळा दाबतो म्हणून आपण दार पाच वेळा उघडत नाही. याला आमच्यात ‘डिबाउन्स’ म्हणतात. शब्द विजेच्या बटणांवरून आला आहे. बटण एकदा दाबलं तरी आतला पत्रा क्षणभर थरथरतो आणि यंत्राला पाच वेळा दाबल्यासारखं वाटतं. ती थरथर मोजायची नाही. मनुष्यस्वभावाला लागू पडणारं इतकं चांगलं तत्त्व विजेच्या बटणात सापडावं, ही विज्ञानाची कृपा.

एवढ्या खोडी असूनही पहारेकरी ठेवावा का? ठेवावा. अमेरिकेतल्या एमआयटीत डेव्हिड सॅफ आणि मायकेल अर्न्स्ट यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग करून पाहिला आणि २००४ साली निष्कर्ष मांडला. ज्यांच्या पाठीशी सतत आपोआप चाचण्या चालत होत्या, त्यांनी काम मुदतीत पुरं करण्याची शक्यता बाकीच्यांच्या तिप्पट निघाली. चूक ताजी असतानाच कळली की ती पटकन निघते. चहाचा डाग ओला असतानाच धुवावा, हे तर घरातल्या कुणालाही ठाऊक आहे. पण त्यावर एमआयटीचा शिक्का बसला म्हणजे बरं वाटतं.

पण फार घाईही कामाची नाही. हल्ली कित्येक एडिटर मी ‘सेव्ह’ म्हणायचीही वाट बघत नाहीत. बोट जरा थांबलं की आपणच जपून ठेवतात. मी वाक्याच्या मध्यावर विचार करायला थांबलो, की पहारेकरी ते अर्धं वाक्य उचलून धावत सुटतो आणि तांबड्या अक्षरांत गावभर बोंबलतो, ‘चुकलं! चुकलं!’ अरे, चुकायला आधी पुरं तर होऊ दे! आईने तो तांबडा पडदा एकदा पाहिला आणि म्हणाली, “पोळी तव्यावर असताना कुणी ‘कच्ची आहे, कच्ची आहे’ म्हणून ओरडतं का रे?” त्या दिवशी मी ते आपोआप जपणं बंद केलं. तेव्हापासून हाक मी मारतो आणि धावतो तो. प्रकृतीला बरं पडतं.

मग गेल्या पावसाळ्यातली ती सकाळ आली.

आमच्या तळमजल्यावर एक निवृत्त मास्तर एकटेच राहतात. मुलगी नाशिकला. रोज पहाटे दूधवाला त्यांच्या खिडकीच्या गजाला दुधाची पिशवी अडकवून जातो आणि साडेसहाच्या आत मास्तर ती आत घेतात. त्या दिवशी मी सातलाच कामाला बसलो होतो. पडद्यावर एकामागून एक हिरव्या ओळी सरकत होत्या. आई गॅलरीत तुळशीला पाणी घालत होती. तिथून तिने हाक मारली,

“अरे, मास्तरांची पिशवी अजून गजालाच आहे.”

घड्याळात साडेसात वाजले होते. मी खाली गेलो. वॉचमनला विचारलं, तर त्याने रजिस्टर पुढे केलं. नोंदी चोख होत्या. पाच पन्नासला दूधवाला आत, पाच पंचावन्नला बाहेर. सव्वासहाला पेपरवाला. सहा चाळीसला तिसऱ्या मजल्यावरची गाडी बाहेर. जे जे घडलं ते सगळं वेळेसकट त्यात होतं. न घडलेल्या गोष्टीला मात्र रजिस्टरात रकाना नसतो.

शेजारच्यांकडे मास्तरांची एक किल्ली असते. दार उघडलं. मास्तर न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडलेले होते. शुद्धीवर होते, पण आवाज खोलीच्या बाहेर जाईल एवढा निघत नव्हता. पाय घसरून मांडीचं हाड मोडलं होतं. तासाभरात ते इस्पितळात होते आणि दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. मुलगी नाशिकहून आली. तिने आईचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

संध्याकाळी सगळं निवळल्यावर आईने विचारलं, “तुझ्या त्या वॉचमनला पिशवीचं कळलं असतं का रे?”

“नाही, आई. पिशवीला काही झालंच नव्हतं ना. ती होती तिथेच होती. बदल झाला तरच त्याला कळतं.”

“मग कठीण आहे,” ती म्हणाली आणि देवापाशी दिवा लावायला उठली.

त्या रात्री मी तिला आमच्या धंद्यातला दुसरा पहारेकरी सांगितला, कारण तो न सांगणं म्हणजे धंद्यावर अन्याय झाला असता. त्याचं नाव ‘वॉचडॉग’. हा काही घडण्याची वाट बघत नाही. काही न घडण्याची बघतो. चालू असलेल्या प्रोग्रामने त्याला ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असं कळवत राहायचं. हाक आली की तो पुन्हा शून्यापासून मोजू लागतो. हाक चुकली की प्रोग्राम अडकला असं समजून तो यंत्र नव्याने सुरू करतो. आपल्या लोकलच्या मोटरमनच्या हाताखाली एक दांडा असतो, त्यातही हेच तत्त्व आहे. हात दांड्यावर आहे तोवर गाडी चालते. मोटरमनला काही झालं आणि हात सुटला, तर ब्रेक लागतात. हजारो माणसं आत पेपर वाचत उभी असतात, भजनं म्हणत असतात, कुणाला पत्ता नसतो. आणि आपण सुखरूप पोचतो ते आपोआप!

आई म्हणाली, “हा बरा आहे.”

तिने तो नुसता बरा म्हणून सोडला नाही. दोन महिन्यांनी मास्तर काठी टेकत घरी आले, तेव्हा तिने त्यांना सरळ सांगितलं, “मास्तर, यापुढे रोज पिशवी आत घेताना वर बघून आवाज द्यायचा. सात वाजेपर्यंत आवाज आला नाही तर मी मुलाला खाली पाठवणार.” चौतीस वर्षं वर्गात उभं राहून दुसऱ्यांची हजेरी घेतलेला माणूस क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “ठीक आहे, वहिनी.” दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला खालून खणखणीत आवाज आला, “हजर!” वरून आई म्हणाली, “हं.” बाकी संभाषण नाही.

पद्धत दृष्ट लागण्यासारखी चालली होती. मग दिवाळीनंतर एक दिवस सात वाजले तरी ‘हजर’ नाही. सात वाजून चार मिनिटांनी मी, शेजारी, त्यांची किल्ली, वॉचमन आणि तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर असे सगळे मास्तरांच्या दारात. आत कुणी नव्हतं. पलंगावरची चादर घडी घातलेली, गॅस बंद, आणि दूधवाल्यासाठी ‘चार दिवस दूध नको’ अशी चिठ्ठी खिडकीच्या आतल्या बाजूला पडलेली. मास्तर पहाटेच्या गाडीने मुलीकडे नाशिकला गेले होते.

ते परत आल्यावर आईने त्यांना चांगलंच धारेवर धरलं. “मास्तर, तुम्ही पोरांकडून रजेचा अर्ज घेत होतात ना? मग?”

आता मास्तर गावाला जायचे असले की आदल्या दिवशी संध्याकाळी वॉचमनच्या हाती एक कागद वर येतो. डाव्या हाताला समास सोडलेला, उजव्या कोपऱ्यात दिनांक, अक्षर मोत्यासारखं. ‘स. न. वि. वि., घरगुती कामासाठी सोमवार ते गुरुवार रजा मंजूर व्हावी, ही विनंती.’ आई तो चष्मा लावून दोनदा वाचते, पाट्यावरच्या पेन्सिलीने खाली सही करते आणि कागद पोळ्यांच्या डब्याखाली ठेवून मला सांगते,

“मंजूर म्हणून कळव त्यांना. आणि तू स्वतः जाऊन कळव. आपोआप नको.”